नाव एक, वाटा दोन : संस्थेच्या डोमेन नोंदींची निगा

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या मार्गावर मिसरोद ही वस्ती आहे. तिच्या नावे टाकलेले पत्र योग्य ठिकाणी पोहोचते, ते पत्त्याखालच्या सहा अंकांच्या आधाराने. पिन कोडची ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे शिल्पकार होत. नाव माणसांच्या सोयीसाठी आणि अंक वाटणीच्या सोयीसाठी, हे तिचे मर्म आहे.

इंटरनेटवरही हेच तत्त्व लागू आहे. प्रत्येक सर्व्हरला अंकांचा पत्ता असतो. माणसे मात्र नाव लक्षात ठेवतात. नावावरून अंक शोधून देणारी ‘डीएनएस’ व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी नावाचीही सोय झाली असून मराठीतही डोमेन घेता येते.

नोंदींचे प्रकार

डोमेनच्या नोंदवहीत निरनिराळ्या नोंदी असतात. ‘ए’ नोंद संकेतस्थळाच्या सर्व्हरचा अंकी पत्ता सांगते. ‘एमएक्स’ नोंद ई-मेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारावा हे सांगते. ‘टीएक्सटी’ प्रकारातील ‘एसपीएफ’ नोंद संस्थेच्या नावे पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणाला आहे हे जाहीर करते. ही सारी नोंदवही कोणाकडे आहे, हे ‘एनएस’ नोंदीवरून कळते. म्हणजेच नाव एक असले, तरी संकेतस्थळाची वाट निराळी आणि पत्रांची निराळी.

चूक कोठे होते?

समजा, मिसरोद येथील एखाद्या शाळेने आपले संकेतस्थळ नव्या कंपनीकडे हलविले. कंपनीच्या सूचनेवरून ‘एनएस’ नोंद बदलण्यात आली. नवे संकेतस्थळ दिसू लागले आणि सर्वांना समाधान वाटले. परंतु जुन्या वहीतील ‘एमएक्स’ नोंद नव्या वहीत उतरविण्याचे राहून गेले. अशा वेळी पत्र पाठविणारा सर्व्हर ‘ए’ नोंदीच्या पत्त्यावरच पत्र नेऊ पाहतो. तेथे टपालपेटी नसल्याने पत्र परत फिरते. शिष्यवृत्तीची सूचना वा परीक्षेचे परिपत्रक शाळेस मिळतच नाही. आणि न आलेल्या पत्राची चौकशी कोण करणार? हानी होते ती विद्यार्थ्याची.

घ्यावयाची काळजी

बदल करण्यापूर्वी जुन्या वहीतील प्रत्येक नोंद कागदावर उतरवून घ्यावी. केवळ संकेतस्थळ हलवावयाचे असल्यास ‘ए’ नोंद बदलणे बहुधा पुरेसे असते. ‘एनएस’ला हात लावू नये. प्रत्येक नोंदीस ‘टीटीएल’ नावाची मुदत असते. ती ८६४०० सेकंद असेल, तर जुना पत्ता इतर सर्व्हरच्या स्मरणात २४ तासांपर्यंत राहतो. म्हणून एक-दोन दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणावी आणि बदलानंतरही जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवावा. ‘एमएक्स’ नोंदीत अंकी पत्ता न लिहिता सर्व्हरचे नाव लिहावे. बदल होताच बाहेरच्या खात्यावरून पत्र पाठवून पाहावे व उत्तरही धाडावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पत्र पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याचे नियम कडक केले आहेत. यास्तव ‘एसपीएफ’ नोंद विसरून चालणार नाही.

किल्ली संस्थेकडे असावी

शासकीय कार्यालयांच्या ‘गव्ह.इन’ नावांचे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र पाहते, तर शिक्षणसंस्थांच्या ‘एड्यू.इन’ नावांचे काम अर्नेट इंडिया पाहते. डोमेन कोठूनही घेतलेले असो, ते संस्थेच्या नावे असावे. संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या वा एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्यावर नसावे. नूतनीकरणाची तारीख, खात्याचा तपशील आणि नोंदींची प्रत कार्यालयाच्या दप्तरात ठेवावी व पदभार सोपविताना तीही सोपवावी. शाळेच्या दाराची किल्ली जितक्या जबाबदारीने सांभाळली जाते, तितक्याच जबाबदारीने ही किल्लीही सांभाळली पाहिजे.