घरातील तंटा आणि दूरचा सल्लागार

पिंपरी, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलांच्या शाळेची सुट्टी रविवारी. ज्या दिवशी पिता घरी असतो त्या दिवशी मुले शाळेत, आणि मुले घरी असतात तेव्हा तो लाईनवर उभा असतो. त्यात पाळी बदलत राहते. रात्रपाळी करून आलेला मनुष्य दिवसा झोपतो आणि एका खोलीच्या घरात पत्नी मुलांना 'आवाज करू नका' म्हणून दटावीत राहते. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी किंवा चिखलीतील भाड्याच्या खोल्यांत किती तंटे केवळ या वेळापत्रकातून जन्म घेतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

बीड, लातूर, परभणीकडून येथे आलेल्या कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. गावी भांडण झाले तर मामू येत, खाला येत, शेजारची वडीलधारी स्त्री दोघांनाही चार शब्द सुनावी. येथे भिंतीपलीकडे कोण राहतो तेही ठाऊक नसते. मग रात्री मुले झोपल्यावर ती भगिनी मोबाइल उघडते आणि पडद्यावरील अनोळखी समुपदेशकाला आपली व्यथा सांगते. हे योग्य आहे काय? की ही घरातील गुपिते चव्हाट्यावर मांडणे आणि पतीची गीबत करणे ठरते?

या प्रश्नाचे उत्तर प्रेषितांच्या (स.) काळातच मिळते. माननीय हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) येऊन तक्रार केली की, त्यांचे पती अबू सुफियान हात आखडता ठेवतात, त्यांना व मुलांना पुरेल इतके देत नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना परोक्षनिंदेबद्दल दटावले नाही. रीतीप्रमाणे स्वतःला व मुलांना पुरेल इतके पतीच्या मालमत्तेतून घेण्याची मुभा दिली (बुखारी, मुस्लिम). इमाम नववी (रह.) यांनी गीबतीला जे अपवाद सांगितले आहेत, त्यांत अन्यायाची दाद मागणे आणि शरीअतचा निर्णय विचारणे यांचा समावेश आहे. मात्र हिंद (रजि.) यांचे शब्द पाहा. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, जिचा उपाय हवा होता तेवढीच. पतीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही. समुपदेशकाशी बोलताना हेच माप हाती ठेवावे. शय्यागृहातील गोष्टी फोडणाऱ्याविषयी तर हदीसमध्ये अत्यंत कठोर इशारा आहे (मुस्लिम); वैद्यकीय गरज असेल तर त्या डॉक्टरापुढेच आणि गरजेपुरत्याच बोलाव्यात.

दुसरा प्रसंग माननीय खौला (रजि.) यांचा. पतीने जिहार केल्याची तक्रार घेऊन त्या आल्या आणि सूरह अल-मुजादलाच्या प्रारंभीच्या आयती अवतरल्या. माननीय आयेशा (रजि.) सांगतात की, त्या स्वतः त्याच घराच्या एका कोपऱ्यात होत्या, तरी खौला (रजि.) यांचे काही बोलणे त्यांना ऐकू आले नाही, अल्लाहने मात्र ते ऐकले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला यातून मोठा बोध आहे. दुःख सांगणाऱ्याला एक कोपरा हवा, आणि जवळ असणाऱ्याने कान टवकारू नयेत. पत्नी फोनवर कोणाशी बोलली हे तपासण्यासाठी तिचा मोबाइल चाळणे हा सूरह अल-हुजुरात (आयत १२) मध्ये मनाई केलेल्या पाळतीचाच प्रकार होय. तसेच पत्नीनेही समुपदेशकाचे संदेश किंवा त्यांची छायाचित्रे माहेरच्या ग्रुपवर टाकू नयेत. एकदा गेलेला संदेश परत येत नाही.

ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, असे प्रेषितांनी (स.) फरमाविले आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). म्हणून अमानत कोणाच्या हाती देतो हे आधी पाहावे. आपल्या देशात 'समुपदेशक' ही पाटी कोणीही लावू शकतो आणि ऑनलाईन तर पाटीचाही खर्च नाही. पदवी कोणती, अनुभव किती, बोलणे ध्वनिमुद्रित होते काय, हे स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच नको. मोटारसायकल घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार दुरून उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखविला पाहिजे. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, आणि मराठीतूनही बोलता येते. रात्रपाळीच्या कुटुंबाला ही चोवीस तासांची सोय विशेष उपयोगी.

तरीही सल्लागाराची एक मर्यादा आहे आणि ती प्रत्यक्ष प्रेषितांनी (स.) स्वतःला लावून घेतली. बरीरा (रजि.) गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांना पती मुगीस (रजि.) यांच्यापासून वेगळे होण्याचा अधिकार मिळाला. मुगीस (रजि.) मदीनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्यामागे फिरत. प्रेषितांनी (स.) त्यांची बाजू मांडली, तेव्हा बरीरा (रजि.) यांनी विचारले की, हा आदेश आहे काय? आपण केवळ शिफारस करीत आहोत, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी नम्रपणे नकार दिला (बुखारी) आणि त्यांच्यावर कोणी रोष धरला नाही. मग अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलवर, एकाच बाजूचे ऐकून, 'सोडून द्या त्याला' किंवा 'सहन करा' असा हुकूम देणारा कोण? असा सल्लागार बदलावा. आणि तलाक, खुला, इद्दत यांचे निर्णय समुपदेशकाकडे मागू नयेत. ते आलिमांकडे विचारावेत.

आता सूरह अन्-निसाच्या ३५ व्या आयतीकडे या. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती वाटली तर एक पंच त्याच्या कुटुंबातून आणि एक तिच्या कुटुंबातून नेमावा, असा आदेश तेथे आहे. दोघांना सुधारणा हवी असेल तर अल्लाह अनुकूलता निर्माण करील, असे आश्वासनही आहे. येथे 'भीती' म्हटले आहे. घर मोडल्यावर वकिलाकडे जाताना पंच शोधणे हा आयतीचा आशय नव्हे. अनोळखी समुपदेशक मनाची गाठ उकलू शकतो. पण त्याला कुटुंबाचे वजन नसते, उद्या घरी येऊन विचारपूस करण्याचा हक्क नसतो. चाकणच्या दांपत्याचे पंच केजला आणि गंगाखेडला असतील तर ज्या मोबाइलवर समुपदेशक येतो त्याच मोबाइलवर तेही येऊ शकतात. मात्र दोघेच. पंधरा नातलगांचा कॉल म्हणजे पंचायत नव्हे, बाजार.

मुलांच्या बाबतीत पालक बहुधा 'हा ऐकत नाही' एवढेच समुपदेशकाला सांगतात. मुलाचे कोण ऐकते? एका तरुणाने प्रेषितांकडे (स.) येऊन व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर धावले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवून घेतले, आपल्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी हे आवडेल काय, असे एकेक विचारले, मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली (मुसनद अहमद). पंधरा वर्षांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये काही आढळले की आपण त्या धावणाऱ्या लोकांत सामील होतो. समुपदेशकापुढे मुलाला आरोपी म्हणून बसवू नका; त्याला एकट्याने बोलू द्या. आणि आई-वडिलांनी आधी आपसात ठरवावे. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाचे दूध सोडविण्यासाठीसुद्धा दोघांची संमती व सल्लामसलत सांगितली आहे. मग शाळा, मोबाइल, मारझोड या बाबी एकाच्या मर्जीवर कशा सोडता येतील?

एक प्रकार समुपदेशनाच्या पलीकडचा आहे. घरात मारहाण होत असेल तर 'जुळवून घ्या' हा सल्ला जीवघेणा ठरतो. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. तेथे कुटुंबाच्या अब्रूची सबब चालणार नाही. जीवाचे रक्षण शरीअतच्या मूळ उद्दिष्टांपैकी आहे.

ज्या वस्त्यांत मस्जिदीलगत मक्तबची खोली आहे, तेथील जमातीने आठवड्यातून दोन तास ती खोली अशा संभाषणासाठी रिकामी ठेवली, स्त्रियांसाठी वेगळी वेळ दिली, तर कोपऱ्याचा प्रश्न सुटेल. वार अर्थातच गुरुवार ठेवावा.