पाणी दिलं, ओसरी दिली नाही

मे २०२०, कोरोनाची टाळेबंदी. लाखनीतलं आमचं घर महामार्गाला लागून. नागपूरकडून छत्तीसगडकडे मजुरांचे जथे रात्रंदिवस पायी चालले होते. आईनं फाटकाशी रांजण भरून ठेवला, गल्लीतली पोरं खिचडी वाटत होती. एका संध्याकाळी कडेवर मूल घेतलेल्या बाईनं विचारलं, "रातभर इधर सो जाएँ?" मी म्हटलं, पुढे शाळेत सोय आहे. ती खरंच होती की नाही, मला ठाऊक नव्हतं.

टाळेबंदीतच मी नाझींच्या काळात ज्यूंना वाचवणाऱ्यांबद्दल वाचायला घेतलं होतं. त्या संध्याकाळनंतर ते वाचन टोचू लागलं.

१. आधी आत घ्यायचं, मग बघायचं. फ्रान्सच्या ल शाम्बों गावात पाद्र्याची बायको माग्दा त्रोक्मे हिच्या दारात १९४०-४१च्या हिवाळ्यात जर्मनीतून पळालेली एक ज्यू बाई आली. माग्दाबाईंनी तिला आत घेतलं आणि तिच्या कागदांसाठी मेयरकडे गेल्या. तो म्हणाला, तिला गावाबाहेर काढा. पुढे त्याच गावानं आणि भोवतालच्या वाड्यांनी हजारो लोक लपवले. मी उलट केलं. फाटकाच्या कडीवर हात ठेवून आधी आईचं वय मोजलं, मग शेजारी काय म्हणतील ते. तेवढ्यात बाई पुढं निघाली होती.

२. नियमामागे लपता येतं. मी एकतीस वर्षं कारकुनी केली. 'नियमात बसत नाही' हे वाक्य माझ्याइतकं कुणी वापरलं नसेल. जपानचा उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा १९४० साली लिथुआनियात होता. टोकियोनं नकार दिल्यावरही त्यानं पळू पाहणाऱ्या ज्यूंसाठी जुलै-ऑगस्टमध्ये दोन हजारांहून अधिक व्हिसा हातानं लिहिले. शिक्का, सही, नोंदवही, सगळं माझ्यासारखंच.

३. हे लांबचं नाही. आमच्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली तेव्हा सुरेखा भोतमांगे साक्षीला उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या आणि त्यांची तीन मुलं, प्रियांका, रोशन, सुधीर, मारली गेली. भर वस्तीत. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं. मारणारे मोजता आले. बाकीच्या घरांत त्या संध्याकाळी काय चाललं होतं, हे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात विचारायचो. आता विचारत नाही. माझ्या जिवाला धोका नव्हता, तरी मला एक ओसरी देता आली नाही.

४. नाव विचारावं. वॉर्साच्या इरेना सेंडलर आणि त्यांच्या साथीदारांनी ज्यूंना कोंडलेल्या घेट्टोतून पोरं बाहेर काढली. प्रत्येकाचं खरं नाव त्यांनी पातळ कागदावर लिहून बरणीत घालून जमिनीत पुरलं, पुढे आईबापांना सापडावं म्हणून.

आई अजूनही दर एप्रिलला रांजण भरते. परवा तिनं सहज विचारलं, "ते बाई कोन्त्या गावची होती रे?" राजनांदगाव असेल, दुर्ग असेल. मी विचारलंच नव्हतं.