नवा मासा टाकीत सोडताना

नवा मासा आठवडाभरात दगावला की बोल दुकानदाराला लागतो. पण बरेचदा नडते ती आपली घाई. टाकी मुरलेली नसते, नाहीतर पिशवीतून रोगही घरात येतो.

काय करावे

• टाकी नवी असेल तर फिल्टर ४ ते ६ आठवडे आधी सुरू करा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. त्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मासे आणा.
• मासा खातो का, हे दुकानातच खायला घालायला लावून पाहा. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला तर काहीही न घेता परत फिरा.
• नव्या माशाला २ ते ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, तर उपचार तिथेच होतील आणि जुने मासे वाचतील. या टाकीचा स्पंज फिल्टर आधी काही आठवडे मुख्य टाकीत चालवून घ्या.
• बंद पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवा. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतले थोडे पाणी तिच्यात घाला. अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून सोडा.
• त्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवा.

काय टाळावे

• पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.
• पार्सलने आलेली पिशवी उघडून तशीच ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. तापमान जुळताच मासा बाहेर काढा.
• नळाचे पाणी थेट भरू नका. क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. अँटीक्लोरीन घालूनच पाणी वापरा.
• सगळे मासे एकदम आणू नका. दोन-चार आणा, काही आठवडे थांबा.
• रंग पाहून जोड्या जमवू नका. मोठा एंजल निऑन टेट्रा गिळतो, टायगर बार्ब गप्पीची शेपटी कुरतडतो आणि दोन नर फायटर एकमेकांना फाडतात.
• पहिल्या दिवशी खाद्य देऊ नका.
• नकोसा झालेला मासा तळ्यात किंवा नदीत सोडू नका. टाक्यांमधला सकर मासा आज आपल्या जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतो. मासा दुकानदाराला परत द्या.