मुलांचा घसा दुखतो तेव्हा

पावसाची झड लागली की गोव्यातील घरोघरी एखादे तरी मूल घसा धरून बसलेले आढळते. अशी बहुतांश दुखणी विषाणूंमुळे उद्भवतात व सुमारे आठवडाभरात आपोआप ओसरतात. सोबत नाक वाहत असेल, खोकला असेल वा आवाज बसला असेल, तर विषाणूंचाच संभव अधिक. अशा वेळी प्रतिजैविक औषधांचा उपयोग नसतो. शेजारच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या देणे तर सर्वस्वी अयोग्य होय.

घरगुती शुश्रूषेत पाण्याला अग्रस्थान द्यावे. गिळताना दुखते म्हणून मूल पाणी टाळते आणि अधिकच मलूल होते. घोट घोट कोमट पाणी, उकड्या तांदळाची पातळ पेज, मऊ भात वरचेवर द्यावा. अंगावर पिणाऱ्या बालकाचे स्तनपान थांबवू नये. सुमारे सहा वर्षांपुढील मुलास पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करावयास लावाव्यात. मधाने घशास आराम पडतो. मात्र एक वर्षाखालील बालकास तो मुळीच चाटवू नये. तापासाठी पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. पडजीभ पडली असे समजून ती बोटाने दाबण्याची रीत कितीही जुनी असली, तरी तीत इजेवाचून काही पदरी पडत नाही.

पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांबाबत मात्र अधिक दक्षता हवी. खोकला-सर्दी नसताना एकाएकी ताप येणे, घसा लालभडक होणे, जबड्याखालील गाठी दुखणे ही स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. गुडघे, घोटे सुजतात, एका सांध्यातील वेदना दुसऱ्यात सरकते, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होण्याचा धोका उद्भवतो. हे सारे पेनिसिलिनसारख्या स्वस्त औषधाने टळते. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असता तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून त्या बंद करू नयेत. अशा मुलास औषध सुरू होऊन एक दिवस उलटेपर्यंत व ताप उतरेपर्यंत शाळेत पाठवू नये, हे शिक्षकांनीही पालकांस सांगावे.

मूल थुंकी गिळू शकत नसेल, लाळ गाळत असेल, श्वास घेताना घरघर होत असेल, वा आठ तासांत लघवी झाली नसेल, तर घरी थांबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. अशा मुलाच्या घशात चमचा घालून पाहण्याचा प्रयत्न करू नये.

घशात करडा-पांढरा पडदा व मानेस सूज दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. त्याची लस 6, 10 व 14 आठवडे, पुढे 16 ते 24 महिने आणि 5 ते 6 वर्षे या वयांत, तसेच 10 व 16 व्या वर्षी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. एखादी मात्रा राहून गेली असल्यास लसीकरणाचे कार्ड घेऊन आरोग्यसेविकेस भेटावे. राहिलेली मात्रा नंतरही घेता येते.