तार तुटली तर तुटू दे

पुणे, गुरुवार

चि. मृणाल हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोलणार होतो, पण मी ओरडलो असतो आणि तू ‘हो काका, हो काका’ म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून लिहितो आहे. काल रात्री अप्पांचा फोन आला. ते म्हणाले ते खरं आहे का? सोमवारच्या वाऱ्यात फणसाची फांदी पडून इंटरनेटची केबल खळ्यात लोंबायला लागली, आणि तू भर पावसात गडग्यावर चढून आंबे काढायच्या झेल्याने ती वर ढकलत होतीस? विजेच्या तारांच्या खाली? वहिनी पडवीतून हाका मारत होत्या आणि तू ‘पाच मिनिटांत मीटिंग आहे’ म्हणालीस म्हणे.

अप्पा तिखटमीठ लावतात हे मला ठाऊक आहे. पण झेला ते मनाने जोडणार नाहीत. रात्रभर मला झोप नाही.

तू त्यांना दिलेलं उत्तरही त्यांनी सांगितलं. लाइट गेलेलीच होती, आणि फायबरमध्ये करंट नसतो. दोन्ही गोष्टी शिकलेल्या मुलीच्या तोंडी शोभतील अशा आहेत आणि दोन्हींनी माणसं मेली आहेत. काचेच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही, हे खरं. पण खांबावरून घरापर्यंत येते त्या काळ्या केबलमध्ये काचेच्या जोडीला ताण घ्यायला बहुतेक वेळा पोलादी तार असते. ती तार विजेच्या उघड्या तारेला टेकली की घरात येणारी तुझी इंटरनेटची केबल म्हणजे जिवंत फेज झाली. आणि ओली काठी लाकडाची असो नाहीतर बांबूची, पाण्याबरोबर करंट हातापर्यंत आणते.

आता ‘लाइट गेलेली होती’ याचं. घरातला दिवा गेला म्हणजे तार मेली, असं कधीही धरायचं नाही. कधी फक्त आपला फेज गेलेला असतो आणि शेजारचा चालू असतो. सबस्टेशनवरून लाइन पुन्हा चढवून बघतात, ती कोणत्या क्षणाला येईल ते तुला कोण सांगणार? आपल्याकडे तर जमीनही फसवते. कोरड्या जांभ्यावर पडलेल्या तारेतून पुरेसा करंट जमिनीत जात नाही, म्हणून डीपीवरचा फ्यूज उडत नाही, आणि तार शांतपणे जिवंत पडून राहते. शिवाय आंजर्ल्याला हल्ली दर चार घरांमागे एक होमस्टे. वीज गेली की जनरेटर सुरू. त्यातल्या एखाद्याने चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटरची पिन सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली, तर ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि डीपीतून उलटी चढताना २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट होतात. खांबावर चढलेले लाइनमन असे गेले आहेत. त्यांच्याकडे हातमोजे होते, अर्थिंगची साखळी होती. तुझ्याकडे झेला होता.

रागावलो. रागवायलाच हवं होतं. दादा असता तर त्याने त्या झेल्याचे दोन तुकडे करून चुलीत घातले असते.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. पुण्यातली खोली सोडून तू आईसाठी घरी आलीस, तुझ्या कंपनीने तुला तिथून काम करू दिलं, आणि आता दर वाऱ्याला तुझा चेहरा स्क्रीनवरून नाहीसा होतो. ‘गावाला गेल्यापासून हिचं असंच’ असं कोणी म्हणेल ही धास्ती तुला आहे. ती धास्तीच तुला गडग्यावर चढवते, म्हणून तिचा बंदोबस्त घराच्या आत करायचा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: इंटरनेटसाठी जे करायचं ते उंबऱ्याच्या आत. बाहेरची तार तुटली तर तुटू दे.

आत करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मला येतं, म्हणून नीट वाच.

आधी हे बघायला शीक की गेलंय काय. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीवर, ओएनटीवर, एक ‘लॉस’चा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून उजेडच येत नाही. केबल तुटली आहे नाहीतर कुठेतरी करकचून वाकली आहे. मग डबी शंभरदा बंद-चालू केलीस तरी उपयोग शून्य. फायबरवाल्याला फोन करायचा आणि ‘लॉस लाल आहे’ एवढंच सांगायचं, म्हणजे तो जोडणीचं मशीन घेऊनच निघतो. लॉसचा दिवा विझलेला, ‘पॉन’ हिरवा स्थिर आणि तरी नेट नाही, तर दोष बहुतेक वेळा पुढे त्यांच्याकडे. आणि डबीवर एकही दिवा नसेल तर फक्त वीज गेली आहे. ही तिसरी गत सगळ्यात जास्त वेळा होते आणि तिच्यावर तुझा पूर्ण ताबा आहे.

कारण फायबरची एक गोष्ट फार चांगली आहे. एक्स्चेंजपासून तुझ्या घरापर्यंत मध्ये खांबावर जो स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही. तो फक्त उजेड वाटतो. त्या टोकाला एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या आणि डिझेलचा जनरेटर, या टोकाला तुझी डबी. दोन्ही टोकं जागी असली तर मधल्या सगळ्या गावात अंधार असला तरी नेट चालतं. मात्र काही ठिकाणी केबलवाल्याने वाटेत कुणाच्या तरी भिंतीवर विजेवर चालणारी स्विचची पेटी लावलेली असते. तुमच्याकडे तशी आहे का, त्याला एकदा विचार. असेल तर त्या पेटीला बॅटरी लावून घे म्हणावं, थोडे पैसे आपण देऊ.

तुझ्या डबीला किती वीज लागते? दहा वॉटच्या आसपास. छतावरचा जुना पंखा पंच्याहत्तर खातो. तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची आहे ना? म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे असं धर, बॅटरी टिकते. इन्व्हर्टर स्वतःच वीसेक वॉट खातो. डबी, लॅपटॉप आणि एक दिवा एवढंच चालवलंस तर आठ-दहा तास कुठे गेले नाहीत. त्यावर दोन पंखे आणि टीव्ही घातलास की निम्म्याहून कमी वेळात बोंब. वहिनींना उकडतं, त्यांचा पंखा बंद करायचा नाही. टीव्ही बंद करायचा.

आणि मीटिंग तुटते ती बॅटरी संपून नव्हे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो त्यात डबी बंद पडते, आणि परत उठून जोडून घ्यायला तिला दोन-तीन मिनिटं लागतात. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’चं बटण असेल, ते त्या बाजूला कर. त्याहून चांगलं म्हणजे राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस, तळहाताएवढा. तो अडॅप्टर आणि डबी यांच्या मध्ये बसतो, आणि वीज गेलेली डबीला कळतही नाही. फक्त यूपीएसच्या खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस. १०,४०० एमएएच मोठ्या अक्षरात लिहितात, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप असतं. हिशेब केलास तर अडतीस वॉट-तास, म्हणजे दहा वॉटच्या डबीला तीन-साडेतीन तास. तेवढं पुरतं, पुढे इन्व्हर्टर आहेच. डबी ९ व्होल्टची की १२ची ते मात्र बघूनच घ्यायचा.

बॅटरीवरून आठवलं. ती देवघराच्या शेजारच्या कोठीत ठेवली आहेस. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि पलीकडे वहिनींचं निरंजन. या रविवारच्या आत ती पडवीच्या कोपऱ्यात, वारा लागेल अशा जागी हलव. वायरमनला बोलावून हलव, स्वतः उचलू नकोस. पाणी डिस्टिल्डच घाल, विहिरीचं नाही.

मोबाइलवरही फार विसंबू नकोस. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात, आणि फायबर गेलं की सगळं गाव त्याच टॉवरवर तुटून पडतं. दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव, पण तेही आधी तपासून. कित्येकदा टॉवरला येणारी केबल त्याच खांबांवरून आलेली असते आणि दोन्ही एकदम जातात. विजा चमकायला लागल्या की मात्र सगळ्या पिना काढून ठेवायच्या आणि लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर.

आणि कधी कधी काहीच चालणार नाही. ३ जून २०२० आठवतो ना तुला? निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि आपल्या दापोली-मंडणगडाकडे खांबच्या खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा कुठला यूपीएस पुरला असता? असा दिवस आला तर ऑफिसला एक निरोप पाठवायचा, ‘लाइन तुटली आहे, कधी येईल सांगता येत नाही,’ आणि आईजवळ बसायचं. तुझ्या साहेबांना हे आजच कळवून ठेव, ऐन वेळी नको. दुरुस्तीसाठी वीज बंद असणार असेल तर महावितरणचा एसएमएस येतो, त्यासाठी बिलावर तुझा मोबाइल नंबर नोंदव. अजून दादाचाच आहे. तार पडलेली दिसली तर १९१२ला फोन, तिच्यापासून तीस फूट लांब, आणि वाडीतल्या पोरांनाही लांब ठेवायचं. झेला नाही, काठी नाही, चप्पल घातली आहे म्हणून नाही.

मृणाल, मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं. आमच्या वेळी तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट जायचे, म्हणून घरात वीज नसली तरी फोन वाजायचा. आषाढात लाइनी तुटायच्या आणि आमच्यात पैज लागल्यासारखं असायचं, कुणाचा विभाग आधी वाजतो. माझा आधी वाजायचा. लोक नाव घ्यायचे, मला ते फार गोड लागायचं. तुझी आजी तेव्हा कंदील घेऊन पडवीत बसून असायची. मी पहाटे भिजून यायचो, ती पंचा द्यायची, चहा टाकायची, काही म्हणायची नाही. त्या रात्री तिने कशा काढल्या हे मी तिला कधी विचारलं नाही. ती होती तोवर सुचलंही नाही. काल अप्पांचा फोन ठेवल्यापासून सुचतंय. एवढं मोठं एक्स्चेंज मी सांभाळलं, पण तिच्याजवळ तास-दोन तास बसून ‘आई, आलो गं सुखरूप’ एवढं म्हणालो नाही, ही रुखरुख आता जायची नाही.

वहिनींना तुझ्याशिवाय कोण आहे? आणि मला तरी?

तू चुकीचं वागलीस म्हणून लिहीत नाही. कामाची इतकी चाड असलेली मुलगी आमच्या घरात आहे याचा मला अभिमान आहे, आणि दादाला तर किती झाला असता. तुझी काकू पत्र वाचून म्हणाली, एवढं रागावून लिहिलंत, पोर रडेल. रडू नकोस. मी शनिवारच्या रात्रीच्या एसटीने निघतो आहे. छोटा यूपीएस बरोबर आणतो, फायबरवाल्याशी मी बोलतो, ती केबल विजेच्या खांबावरून काढून वेगळ्या बांबूवर गडग्याच्या कडेने घेता येईल का ते बघतो. काकूने तुझ्यासाठी मेतकूट आणि भाजणी दिली आहे. तुझ्या मीटिंगा असतील तेव्हा मी मागच्या दारी बसेन, माझा आवाज येणार नाही. तुला वेळ होईल तेव्हा बोलू.

मी येईपर्यंत बाहेर काही लोंबत असलं तरी लोंबू दे. आणि ओएनटीच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्याचा फोटो काढून उद्या संध्याकाळपर्यंत पाठव, म्हणजे मला इथून त्याच मापाचा यूपीएस घेता येईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका