दोन्ही गुडघे एकदम की एकेक?

चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. कारण वजनाबरोबर स्नायूंची ओढही त्याला सोसावी लागते. वजन ६० किलो असेल तर पावलागणिक १२० ते १८० किलो! हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. तेव्हा झिजलेला भाग कापून धातू व पॉलिएथिलीन यांचा कृत्रिम सांधा बसवतात.

दोन्ही गुडघे झिजले असतील तर ते एकदम बदलावेत, की काही महिन्यांच्या अंतराने?

प्रथम खर्च पाहू. सांधे दोन लागतातच. तेथे बचत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये, कर वेगळा, अशी ठरवली होती. मात्र एकदम केल्यास भूल एकदाच, रुग्णालयातला मुक्काम एकच आणि सोबतीला राहणाऱ्याची रजाही एकदाच.

आता धोका. एकदम केल्यास रक्तस्राव अधिक होतो. मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालताना मज्जेतील मेद रक्तात शिरून फुप्फुसांत अडकू शकतो. हे दोन्ही हाडांत लागोपाठ घडल्यास हृदयावर व फुप्फुसांवर ताण वाढतो. शिवाय भार टाकायला एकही धड पाय उरत नाही.

या धोक्याची तुलना कशाशी करायची? समजा, केवळ उदाहरणासाठी, एका शस्त्रक्रियेत गंभीर गुंतागुंतीची शक्यता १ टक्का आहे. दोन्ही वेळा सुखरूप सुटण्याची शक्यता ०.९९ × ०.९९ = ०.९८०१, म्हणजे एकूण धोका १.९९ टक्के. एकदम करण्यातला धोका ताडून पाहायचा तो या आकड्याशी, १ टक्क्याशी नव्हे. तो १.५ टक्के असेल तर एकदम करणे बरे; ३ टक्के असेल तर नाही. तरुण, निरोगी रुग्ण आणि हृदयविकार असलेला वृद्ध यांची उत्तरे म्हणूनच वेगळी येतात.

या गणितात न मावणारी एक गोष्ट आहे. एकेक गुडघा बदलताना पहिल्या वेळी शरीराने कशी साथ दिली, हे पाहून दुसरी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते किंवा टाळता येते. एकदम करताना ही संधी नसते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईत ऑक्टोबर २०००मध्ये बदलला, उजवा जून २००१मध्ये.

निर्णय रुग्ण व डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. पण घरात हा विषय निघाला, तर “धोका किती?” एवढेच विचारून थांबू नका, “कशाच्या तुलनेत?” हेही विचारा.