अंदाज घ्या, उत्तर तपासा



पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचे शाब्दिक उदाहरण समोर आले की आपल्यापैकी पुष्कळजण घाईने अंश-छेद मांडतात, उत्तर लिहितात आणि पुढे जातात. ते उत्तर पटण्यासारखे आहे का, हे पाहायचे राहूनच जाते. ज्यांच्या घरी वही तपासून देणारे कोणी नाही, ज्यांना शिकवणीची फी परवडत नाही, त्यांनी तर स्वतःच स्वतःचे तपासनीस व्हायला हवे. अंदाज हे त्यासाठी बिनखर्चाचे साधन आहे.

आपली मायबोली या कामी मोठी मदत करते. ४ ३/४ ला आपण पावणेपाच म्हणतो. 'पाचाला पाव कमी' हा अंदाज त्या शब्दातच आहे. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेत, ती अशाच रोजच्या हिशेबासाठी.

रीत सोपी आहे. आधी संख्या जवळच्या पूर्ण संख्येइतकी धरावी, अंदाज कोपऱ्यात लिहावा, मग उदाहरण सोडवावे व शेवटी दोन्ही ताडून पाहावे.

१) वजाबाकी : ६ १/४ मीटर कापडातून २ ३/४ मीटर कापले. किती उरले?
अंदाज : ६ - ३ = ३ च्या आसपास. काहीजण ६ मधून २ आणि ३/४ मधून १/४ वजा करून ४ १/२ लिहितात. पण नुसते २ मीटर कापले असते, तरी ४ १/४ मीटरच उरले असते! खरे उत्तर ३ १/२ मीटर.

२) गुणाकार : तांदूळ ४८ रुपये किलो. ४ ३/४ किलोचे किती?
५ किलोचे २४० रुपये. उत्तर त्याहून थोडे कमी हवे. ४८ × ४ = १९२ करून त्याला ३/४ जोडणाऱ्याचे उत्तर येथेच पकडले जाते. पाव किलोचे १२ रुपये वजा केले की २२८ रुपये.

३) भागाकार : ८ ३/४ मीटर कापडाचे १ १/४ मीटरचे तुकडे किती होतील?
तुकडा एका मीटरहून मोठा आहे, म्हणून तुकडे ९ हून कमीच. भाजकाचा व्यस्त न करता गुणले तर १० १५/१६ येते, ते अशक्य आहे. ३५/४ × ४/५ = ७, हे बरोबर.

मात्र एक ध्यानात ठेवावे. अंदाज मोठी चूक पकडतो, बारीक चूक त्यातून निसटू शकते. ३ १/२ ऐवजी ३ १/४ लिहिले, तर अंदाज हरकत घेणार नाही. म्हणून रीतसर आकडेमोड सोडू नये.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे चेकवरील रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोन्हीकडे पाहतो. दोन्ही जुळल्या तरच पुढे जातो. उत्तराचेही तसेच आहे. बँकांच्या लिपिक भरती परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. चार-पाच पर्यायांतील न पटणारे पर्याय अंदाजाने आधीच गळतात आणि वेळही वाचतो.

तेव्हा आजपासून प्रत्येक उदाहरणाच्या कोपऱ्यात अंदाज लिहू या. 'पुस्तकात असेच दिले आहे' म्हणून नव्हे, तर 'आम्ही तपासून पाहिले आहे' म्हणून उत्तर मांडण्याची सवय लागली, की ती बाजारात, रेशनच्या दुकानात आणि कर्जाच्या कागदावर सही करतानाही आपल्याला उपयोगी पडेल.